कणगी भरलेली, चूल थंड

सुईणआजीच्या घरात शिरले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले असतील. डिसेंबर 2018. वाणगाव स्टेशनवरून पूर्वेला निघालं, मिरचीचे मळे आणि सूर्या प्रकल्पाचा कालवा मागे टाकला की चढण लागते आणि तिथून पुढे पाडे विखुरलेले आहेत. त्यातलाच हा एक. मी बीपीच्या गोळ्या मोजायला आले होते. तीस गोळ्या देऊन वीस दिवस झाले होते. दहा उरायला हव्या होत्या, निघाल्या एकवीस.

"रोज घेतेस ना, आजी?"

"घेते ना, बाय."

पाड्यावर सगळे एकमेकांना 'तू'च म्हणतात. अहो-जाहो केलं की माणूस परका होतो, हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकले होते. आजी गुडघ्यावर हात टेकून पाणी आणायला उठली. गारठा होता, म्हणून हात शेकावेत या विचाराने मी चुलीकडे सरकले आणि राखेवर तळहात धरला. राख गार. आणि त्या राखेवर मांजराच्या पावलांचे ठसे उमटलेले होते, एकामागे एक, अगदी स्पष्ट. मांजर चुलीत झोपून, उठून, अंग झाडून निघून गेलं होतं. रात्री तिथे विस्तव असता तर ते तिथे झोपलं नसतं.

"काल काय रांधलंस?"

"काल नाय रांधलं."

"परवा?"

ती काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला.

माझा पहिला अंदाज चुकला. मला वाटलं, घरात धान्य नाही. कोपऱ्यात बांबूची, शेणाने सारवलेली कणगी होती. मी झाकण उचललं तर भात गळ्यापर्यंत भरलेला. त्या वर्षीचं पीक मुलगा-सुनेने झोडपून, वाळवून, आईसाठी भरून ठेवलं होतं. मीठ होतं, मिरच्या होत्या, सुक्या जवळ्याची पुडी होती, मागच्या बाजूला फाट्यांची मोळी रचलेली होती. मुलगा काळजी घेणारा होता. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "एकटीच्या पोटाला काय चूल पेटवू, बाय?"

आरोग्यसेविका म्हणून तेव्हा मला 21 वर्षं झाली होती. कुपोषणाचं मोजमाप मी हजार वेळा केलं होतं. बाळाचा दंडघेर, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू. उपास घडतो तो कणगी रिकामी असल्यामुळे, हे गृहीतच होतं, आणि आमच्याकडे पुष्कळदा ते खरंही असतं. भरल्या कणगीशेजारी माणूस उपाशी राहतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बघितलं. आधी समोर आलंच नसेल असं नाही. मी राखेला हात लावला नव्हता, एवढंच.

आमच्याकडे एक शब्द आहे: जगायला जाणं. भातझोडणी झाली, दिवाळी झाली की पाड्यांवरची तरणी माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. शेठकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. बायको-पोरं बरोबर, भांडी आणि कोंबड्याही बरोबर. शिमग्याला चार दिवस येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडाला राबाच्या कामासाठी परततात. कोणी विचारलं, "घरचे कुठे गेले?" तर उत्तर येतं, "जगायला गेलेत." हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला होता की त्याचा अर्थ मनात शिरायचा बंद झाला होता. सहा-सात महिने पाड्यावर उरतात ती म्हातारी माणसं, एखादं अधू मूल आणि कुत्री.

कालव्याच्या खालच्या अंगाला चित्र जरा वेगळं आहे. तिथे पाणी आहे म्हणून वाणगावची ती ढोबळी आणि तिखट मिरची आहे, शेडनेट आहेत. सकाळी टेम्पोतून खुडणीला गेलेल्या बाया अंधार पडायच्या आत घरी येतात. मजुरी फार नाही, पण संध्याकाळी घरात चूल पेटते आणि म्हातारीच्या ताटात गरम काहीतरी पडतं. पाटबंधारे खात्याचं काम आरोग्य खात्यात कोणी मोजत नाही, पण माझ्या बीपीच्या यादीत कालव्याखालची माणसं नियमित गोळ्या घेणारी होती आणि कालव्यावरची चुकवणारी होती. हा काही अभ्यास नव्हे. माझ्या उपकेंद्राच्या वहीतलं निरीक्षण आहे, आणि मी त्यावर ठाम आहे.

आता सुईणआजी कोण, ते सांगायला हवं, कारण तिच्या थंड चुलीत माझाही हात आहे.

1997 साली मी रुजू झाले तेव्हा त्या पाच-सहा पाड्यांतलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलेलं होतं. रात्री-अपरात्री तिला बोलावणं यायचं. कंदील घेऊन माणूस पुढे, ही मागे. आम्ही दाईंची प्रशिक्षणं घ्यायचो, त्यात ती पहिल्या रांगेत बसायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सांगितलेलं विसरायची नाही. हात साबणाने धुवायचे, पातं नवं, दोरा उकळलेला, जमिनीवर स्वच्छ प्लास्टिक, नाळेला शेण-राख काही लावायचं नाही. प्रशिक्षण संपल्यावर तिला अॅल्युमिनियमची पेटी मिळाली. ती पेटी डोक्यावर घेऊन ती घरी गेली, तो दिवस मला आठवतो.

मग 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, जननी सुरक्षा योजना आली, पाठोपाठ आशा स्वयंसेविका आल्या. बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं, असं ठरलं. मी घरोघर जाऊन तेच सांगितलं, आणि आजही तेच सांगेन. रक्तस्राव होणाऱ्या बाईला झोळीत घालून ओढा ओलांडताना मी बरोबर चाललेली आहे. ती वाचली नाही. सुईणीच्या हातात कितीही गुण असला तरी तिच्याकडे रक्ताची पिशवी नसते. सुईणआजीला मी हे समजावलं, तेव्हा तिने वाद घातला नाही. "तू सांगतेस तर नाय करत," एवढंच म्हणाली. आणि खरंच तिने नंतर एकही बाळंतपण केलं नाही. उलट वेणा सुरू झाल्या की तीच आशाला निरोप धाडायची.

पण सुईणपण म्हणजे फक्त बाळंतपण नव्हतं. त्याच्या आधी दोन-तीनदा पोट बघायला जाणं होतं. नंतर पाचवीपर्यंत रोज जाणं, बाळाला शेक, आंघोळ, आईच्या कंबरेला तेल. त्या घरी तिचं ताट वाढलेलं असायचं. मोबदला म्हणून तांदूळ, कोंबडी, कधी लुगडं. वर्षातले कितीतरी दिवस ती दुसऱ्याच्या चुलीशेजारी जेवायची. बाळंतपणं थांबली आणि हे सगळंच थांबलं. कोणी तिला हाकललं नाही, कोणी वाईट बोललं नाही. तिला बोलावण्याचं कारण तेवढं संपलं. त्या सकाळी मी विचारलं, "मग शेजारी जाऊन बसावं की, दोन घास तिकडे खावेत." त्यावर ती म्हणाली, "कामाबगर कोणाच्या दारात कशी बसू?"

या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. माता-मृत्यू कमी करायच्या यादीत आम्ही दाईचं काम काढून घेतलं, ते बरोबर होतं. त्या बाईचं पुढे काय, हा रकाना आम्ही केलाच नाही.

ती दर आठवड्याला उपकेंद्रात यायची. "सुई दे." अंग दुखतं, डोकं गरगरतं, छातीत धडधडतं, घास उतरत नाही. मी बी-कॉम्प्लेक्स टोचायचे, कधी गोळ्या द्यायचे आणि वहीत 'अंगदुखी' लिहायचे. सुई टोचून झाल्यावर ती दंडावरचा कापूस दाबून बाकावर बसून राहायची. दहा मिनिटं, वीस मिनिटं. लसीकरणाला आलेल्या पोरींची बाळं बघायची, "ही माझ्या हातची पोर, आता हिला पोर झाली" असं सांगायची. कापूस कोरडा झालेला असायचा तरी काढायची नाही. ती सुईसाठी चार किलोमीटर चालत यायची, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

एकटेपणा हा शब्द पाड्यावर कोणी वापरत नाही. तिकडे "करमत नाय" म्हणतात, तेही क्वचित. बहुतेक वेळा ते दुखणं होऊनच येतं, आणि दुखणं खोटं नसतं. एकट्या माणसाची झोप उथळ होते, शरीर सतत सावध राहतं, रक्तदाब चढा राहतो. जेवण सुटतं, जेवणानंतरची गोळी सुटते. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड या अमेरिकी संशोधक बाईंनी 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र करून दाखवलं की ज्यांची माणसांशी घट्ट नाती आहेत, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2025 मध्ये अहवाल दिला, त्यात एकटेपणाशी जोडलेले मृत्यू दरवर्षी 8 लाख 71 हजार, म्हणजे तासाला सुमारे 100, असं म्हटलं आहे. हे आकडे वाचले तेव्हा मी निवृत्त झाले होते. माझ्या डोळ्यांसमोर मांजराची पावलं आली.

तसं बघितलं तर आमच्याकडे विचारायचा एक मार्ग होता. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात नंतर मनाविषयीचे दोन प्रश्न आले. गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश वाटलं, असं किती वेळा झालं? अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की पुढे पाठवायचं. साठीच्या पुढच्यांना आणखी विचारतात: चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का, आपल्या माणसांची नावं विसरता का. प्रश्न चांगले आहेत. पण दारात उभं राहून, हातात कागद धरून, अजून अकरा घरं राहिलेली असताना ते विचारले की उत्तर ठरलेलं: "काय नाय, बरं आहे."

असाच एक फॉर्म मी विसरू शकत नाही. वाणगाव स्टेशनच्या फलाटावर एक काका रोज संध्याकाळी बाकावर बसलेले दिसायचे. बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा बंगळुरूला. चर्चगेट-डहाणू लोकल सुरू झाली 2013 च्या एप्रिलमध्ये, तेव्हापासून संध्याकाळी उतरणारी गर्दी वाढली होती. ते त्या गर्दीकडे बघत बसायचे. ओळखीचा कोणी दिसला की हात वर करायचे. मीही करायचे आणि रिक्षा पकडायला धावायचे. त्यांचा फॉर्म मीच भरला. दोन्ही प्रश्नांना "अजिबात नाही." मी दोन शून्यं लिहिली. त्यांना मधुमेह होता, औषधं चालू होती, तीही टिकमार्क केली.

चार महिन्यांनी ते पाय कुजून दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. तळव्याला जखम झाली होती. मधुमेहात पायाची संवेदना जाऊ शकते, मग खिळा टोचला तरी कळत नाही. आणि आपला तळवा आपल्याला सहज दिसत नाही. घरात दुसरं माणूस असेल तर ते म्हणतं, "अहो, लादीवर रक्त कसलं?" त्यांच्या लादीवरचं रक्त बघायला कोणी नव्हतं. मी रोज हात वर करून जात होते. त्यांना मी एकदाही म्हटलं नाही की काका, चप्पल काढा, पाय बघू. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकट्या राहणाऱ्या प्रत्येक मधुमेहीचा तळवा मी स्वतः बघितला, आणि आशांनाही तसं सांगून ठेवलं.

घरांचीही एक गोष्ट आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या तेव्हा शेजारच्याचा खोकला ऐकू यायचा. रात्री कोण कण्हतंय, कोणाकडे भांडी वाजली नाहीत, हे न विचारता कळायचं. घरकुल योजनेतली पक्की घरं आली, पावसात गळत नाहीत, साप शिरत नाही, दाराला कडी आहे. ती हवीच होती. पण विटेच्या भिंतीआड कोणी चार दिवस उठलं नाही तर बाहेर कळत नाही. अशा ठिकाणी मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या चिंचणी-वरोरकडून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या मावश्या. सुकट, जवळा, बोंबील घेऊन त्या पाड्यापाड्याने फिरतात, ओटीवर बसतात, पाणी मागतात. त्यांच्याइतकी घरं आमच्यापैकी कोणीच बघत नाही. त्यातल्या एकीला मी माझा नंबर दिला होता. "अमक्या पाड्यावरची म्हातारी आज ओटीवर नाय आली गे," असा तिचा फोन दोनदा आला आणि दोन्ही वेळा जाणं गरजेचंच निघालं.

आणि काही एकटेपणाला तर नावही देता येत नाही. आमच्या डहाणू-तलासरीकडचे तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातली हद्द डोळ्यांना दिसत नाही. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानची माणसं पकडतात आणि मग कराचीचा तुरुंग. अशा एका खलाशाची बायको माझ्याकडे झोपेची गोळी मागायला यायची. नवरा जिवंत आहे, म्हणून ती विधवा नाही. घरात नाही, म्हणून सवाष्णींच्या घोळक्यात तिला अवघडल्यासारखं होतं. लग्नाकार्यात कुठे बसावं, तिला कळेना. 2008 च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. ती तारीख तिला पाठ होती. त्या सुमारास तिचा रक्तदाब मोजावा लागायचाच, आणि तो चढलेलाच असायचा. यादी दिल्ली-इस्लामाबादेत दिली जायची. तिच्यापर्यंत बातमीतला आकडा यायचा, नाव यायचं नाही. मी तिला गोळी दिली नाही. तिच्याबरोबर बसले, कागदपत्रांच्या कामाला डहाणूला गेले, आणि त्याच किनाऱ्यावरच्या अशाच दुसऱ्या दोघींशी तिची गाठ घालून दिली. तिघी फोनवर बोलायला लागल्या. पुढे तिने गोळी मागितली नाही. झोप पूर्ण लागायला लागली, असं मात्र मी म्हणणार नाही.

सुईणआजीकडे परत येते. त्या हिवाळ्यात मला बघायला मिळालेली एक गोष्ट अजून थक्क करते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीकडे जोर जास्त, पण आमच्याकडेही जमीन हलायची, भांडी वाजायची. लोक घाबरले होते आणि त्यांचं घाबरणं रास्त होतं. पाड्यावर उरलेली माणसं रात्री एका अंगणात येऊन झोपायला लागली, मध्ये शेकोटी. त्या दीड-दोन महिन्यांत सुईणआजी सुई मागायला आलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "रातीची झोप लागते. बाजूला माणसा असतात." धक्के कमी झाले, सगळी आपापल्या घरात गेली आणि पुढच्याच आठवड्यात ती माझ्या बाकावर हजर.

तेच 2020 मध्ये. सगळं जग घरात कोंडून बसलं, शहरातल्या माझ्या बहिणी फोनवर रडायच्या. आमचे पाडे मात्र भरले. भट्ट्या बंद पडल्या आणि माणसं चालत, मिळेल त्या वाहनाने घरी आली. पैसा नव्हता, काम नव्हतं, रेशनवर दिवस निघत होते. पण एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा एरवी पाडा ओस असतो, तेव्हा संध्याकाळी प्रत्येक कौलातून धूर निघत होता. सुईणआजीच्या तीस गोळ्यांतल्या एक-दोनच उरायच्या. सून म्हणायची, "ती मनाच आठवण करते, गोळी दे म्हणून." मग दिवाळी आली, उचल आली, आणि सगळे पुन्हा जगायला गेले.

तेव्हा मी ठरवलं की या बाईला आणखी एक सुई द्यायची नाही. काय द्यायचं ते मात्र कळत नव्हतं.

झिम्बाब्वेतल्या डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाविषयी मी एका लेखात वाचलं. एवढ्या मोठ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मनोविकारतज्ज्ञ, म्हणून त्यांनी 2006 मध्ये हरारेतल्या म्बारे वस्तीत 14 आज्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक, त्यावर आजी बसते आणि आलेल्याचं ऐकते. तिकडे या दुखण्याला त्यांच्या भाषेत 'फार विचार होणं' अशा अर्थाचा शब्द आहे. माझ्या पाड्यावरच्या बायाही हेच म्हणतात, "लय विचार येतात डोक्यात." मी थांबले ते आज्यांपाशी. तिथे आजी औषध देणारी होती. आम्ही आजीला फक्त औषध घेणारी करून ठेवलं होतं.

नवजात बाळासाठी आशाच्या सहा गृहभेटी असतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आमची त्या भागातली आशा तेव्हा नवी होती, बावीस वर्षांची, स्वतःचं मूल नसलेली. वजन, तापमान, श्वास सगळं बरोबर मोजायची, पण बाळाला उचलताना तिचे खांदे ताठ व्हायचे आणि घरातल्या सासवा तिचं ऐकायच्या नाहीत. मी सुईणआजीकडे गेले. "एकटी आहेस, करमत नाही, म्हणून चल" असं म्हटलं असतं तर ती आली नसती. मी खरं तेच सांगितलं. "या पोरीला बाळ धरता येत नाही. तुझ्याशिवाय कोणी शिकवायचं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाळेला काय लावायचा नाय ना अजून?"

"काही नाही."

"नाकात तेल?"

"नाही. कानातही नाही."

"बरं."

चौदाव्या दिवसाच्या भेटीला आम्ही तिघी गेलो. आजीने पाय पसरले, लुगडं गुडघ्यांवर घेतलं आणि बाळाला नडग्यांच्या खोबणीत पालथं ठेवलं. कोपराने पाणी बघितलं, थोडं गार घालायला लावलं. एक हात बाळाच्या छातीखाली, दुसरा पाणी ओतणारा. बाळ रडायला लागलं तसं तिने घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. आशाला म्हणाली, "घे, आता तू धर. मान सोडू नको. ते मोडत नाय, घाबरू नको." पोरीचे खांदे खाली आले. सासू दारातून बघत होती. नंतर आशाने स्तनपानाचं, उबेचं जे सांगितलं ते तिने निमूट ऐकलं, कारण शेजारी सुईण मान हलवत होती. निघताना त्या घरी आजीला भाकर-डाळ वाढली. आम्हालाही.

पुढच्या महिन्यात गोळ्या मोजल्या. हव्या होत्या त्यापेक्षा चार जास्त उरल्या होत्या. चार चुकल्याच. पण राख ऊन होती. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं, "बाळंतिणीकडे रिकाम्या पोटी गेली तर हात थरथरतो. बाळ सुटल हातातून." म्हणून भेटीच्या दिवशी ती सकाळी उठून चूल पेटवायची, आणि एकदा पेटली की दुसऱ्या दिवसाचंही रांधून ठेवायची. जिथे भेट नसेल तिथेही हळूहळू तिचं बोलावणं व्हायला लागलं, पोर रडतंय, जरा बघ, म्हणून. ज्या आठवड्यात बोलावणं नसायचं त्या आठवड्यात चूल पुन्हा थंड असायची, हेही मी वहीत लिहिलं आहे. मुलगा-सून दरवर्षी जातातच. ते बदलणं माझ्या हातात नव्हतं.

निवृत्तीच्या आधी मी तिला सांगायला गेले. ती आत गेली आणि माळ्यावरून काहीतरी ओढून काढलं. तीच अॅल्युमिनियमची पेटी, पोचे आलेली, कडांना काळी पडलेली. एवढ्या वर्षांत ती तिने भंगारवाल्याला दिली नव्हती. उघडली. आत प्लास्टिकचा तुकडा घडी घातलेला, दोऱ्याचं रीळ, कागदात गुंडाळलेली दोन पाती आणि साबणाची एक वडी, वेष्टणातच, सुकून मधोमध चिरलेली.

पात्यांची पुडी तिने माझ्या हातावर ठेवली. "हे तू ने. मना नाय लागत."

मग साबणाची वडी उचलली, वेष्टण काढलं, दोन तुकडे झालेले एकत्र दाबून बघितले. बाहेर आशा हाका मारत होती, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीला उशीर होत होता. आजीने एक तुकडा पेटीत परत ठेवला, दुसरा कमरेला खोचला आणि ओटीवरून खाली उतरली.